चपलेच्या रीलला हॅशटॅग कसे द्यायचे: आमच्या गल्ल्याजवळच्या वहीवरून

आमच्या गल्ल्याशेजारी एक दोनशे पानी वही असते. पुढून उधारी लिहिलेली, मागून मी लिहिते. मागच्या पानांवर फक्त गिऱ्हाइकांचे शब्द आहेत. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा दुकानाच्या पायरीवर उभं राहून माणूस चप्पल कशी मागतो, अगदी तसंच. "ती करकर वाजणारी आहे का?" "कान असलेली दाखवा." "नवरदेवासाठी पाहिजे, पण टोचायला नको." "पाय रुंद आहे, अंगठा बसेल का?" आमच्या कोल्हापुरी चपलांच्या रीलखाली मी जे हॅशटॅग देते ते सगळे या वहीतून उचललेले असतात. तुम्ही लोणची विकत असाल, साड्या विकत असाल, शेळ्यांचे व्हिडिओ टाकत असाल, तरी पहिलं काम हेच करा. वही घाला.

मला हे कळायला बराच वेळ लागला, म्हणून ते सविस्तर सांगते.

चपला आबा करतात. मी गल्ला आणि मोबाइल सांभाळते. आधी माझा चुलतभाऊ टिकटॉकवर काहीबाही टाकायचा. २९ जून २०२० ला सरकारने ते बंद केलं, लगेच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं आणि सप्टेंबरात यूट्यूबचं शॉर्ट्सही आधी आपल्याकडेच सुरू झालं. लॉकडाउनमध्ये दुकानात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मी रील टाकायला लागले. कुठूनतरी तीस हॅशटॅगचा गठ्ठा मिळाला होता. इन्स्टाग्रामवर तेव्हा तीसची मुभा होती, म्हणून तीसच्या तीस. #व्हायरल, #ट्रेंडिंग, #एक्सप्लोर, #लव्ह, #इंडिया. आबा कातडं कापत असोत की मी खोके रचत असो, खाली गठ्ठा तोच.

मग एकदा नगरहून एक बाई आल्या. मुलाच्या लग्नाला कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार, घ्यायची होती. जोड पसंत केला, पैसे दिले आणि निघताना म्हणाल्या, "तुमचं दुकान सापडायला मला दोन महिने लागले. मी रोज कापशी चप्पल, कापशी चप्पल टाकून बघत होते. तुमचं एकदाही आलं नाही." मी त्यांच्यासमोरच माझं पान उघडून खाली खाली गेले. निम्म्याहून अधिक रीलमध्ये कापशी दिसत होती. 'कापशी' हा शब्द एकाही रीलखाली लिहिलेला नव्हता. ना टॅगमध्ये, ना साध्या मजकुरात. त्याच संध्याकाळी मी वहीची मागची बाजू उघडली.

आता हॅशटॅग नेमकं काय करतो ते थोडक्यात. २००७ च्या ऑगस्टमध्ये क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की एकाच विषयाचं बोलणं एकत्र दिसावं म्हणून शब्दाआधी # हे चिन्ह लावूया. इन्स्टाग्रामने ते २०११ मध्ये घेतलं. पूर्वी लोक टॅग फॉलो करायचे, त्यामुळे टॅग दिला की तो फॉलो करणाऱ्यांच्या पुढ्यात आपलं काहीतरी जायचं. डिसेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने ती सोय काढली. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी बऱ्याचदा सांगत आलेत की हॅशटॅगने रीच, म्हणजे बघणाऱ्यांची संख्या, फारशी वाढत नाही. व्हिडिओ कशाबद्दल आहे हे कळायला आणि शोधात सापडायला त्याची मदत होते. माझाही अनुभव तोच आहे. टॅग जादू करत नाही. तो पाटीचं काम करतो. आणि पाटीवर 'व्हायरल' लिहिलं तर चप्पल घ्यायला कोण आत येणार?

संख्येबद्दल फार डोकं लावू नका. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामनेच क्रिएटरना तीन ते पाच टॅग पुरे असं सांगितलं होतं. मी पाच देते. पाचच द्यायचे म्हटलं की प्रत्येकाचा विचार होतो, आणि खरा फायदा त्या विचाराचा आहे.

टॅग देण्याआधी तो उघडून बघायचा, ही माझी सगळ्यात कडक शिस्त. शोधाच्या चौकटीत टॅग लिहा, त्याच्या पानावर जा आणि पहिले दहा-बारा व्हिडिओ नीट बघा. #कोल्हापुरी उघडलं तर तांबडा रस्सा, मिसळ, साज, फेटे, मध्येच एखादी चप्पल. शब्द आपल्याच गावाचा, पण तिथे आलेला माणूस भुकेला आहे. नुसतं #कापशी उघडलं तर कागल तालुक्यातल्या सेनापती कापशी गावाचे व्हिडिओ येतात. चपलेला नाव त्या गावावरूनच पडलं, तेव्हा गावाचा हक्क आधी. #कापशीचप्पल उघडलं की मात्र सगळ्या चपला. म्हणजे दोन शब्द जोडले की गर्दी कमी होते आणि माणूस नेमका मिळतो. जोडताना एक लक्षात ठेवा, मध्ये जागा सोडली की टॅग तिथेच संपतो. खालची रेघ चालते, पण #कापशी_चप्पल आणि #कापशीचप्पल हे दोन वेगळे टॅग धरले जातात. एक ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा.

मोठ्या टॅगचा मोह मला समजतो. #फॅशनमध्ये व्हिडिओंचा आकडा बघून डोळे फिरतात. पण तिथे चप्पल टाकणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी महाद्वार रोडवर उभं राहून एकाला हाक मारण्यासारखं आहे. त्यापेक्षा ज्या टॅगवर आपल्यासारखेच वीस-पंचवीस जण आहेत तिथे गिऱ्हाईक आपल्याला बघून तरी जातं. शिवाय टॅग उघडल्यावर व्हिडिओ फारच कमी किंवा काहीच दिसत नसतील, तर इन्स्टाग्रामने तो टॅग दडपलेला असू शकतो. मग शब्द कितीही साधा असो, सोडून द्यायचा.

एक रील पूर्ण उलगडून दाखवते, म्हणजे नीट कळेल.

लग्नसराई सुरू व्हायच्या आधी आबा चपलेची वेणी घालतानाची रील मी केली. चाळीस सेकंदांची. आबा रापीने, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराने, कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या काढतात, त्या पाण्यात भिजवतात आणि मांडीवर धरून विणायला घेतात. ओलं कातडं वळतं, सुकलं की घट्ट बसतं. कॅमेरा मी फक्त त्यांच्या बोटांवर ठेवला होता. शेवटच्या पाच सेकंदांत तयार जोड, नवरदेवाच्या पायात.

वहीतले शब्द काढून मी समोर ठेवले. त्या महिन्यात 'नवरदेव' सहा वेळा आला होता, 'वेणीवाली' चार वेळा, 'कापशी' तर रोज. पहिला टॅग ठरला #कापशीचप्पल, कारण व्हिडिओत तीच वस्तू आहे. दुसरा #नवरदेवाचीचप्पल, कारण घेणारा तो आहे. #लग्न द्यावंसं वाटत होतं, पण उघडून बघितलं तर हळद, वरात, उखाणे. तिथला माणूस चप्पल शोधत नाही. तिसरा #चपलेचीवेणी. हा फार कुणी वापरत नव्हतं, पण ज्याला विणकाम बघायचंय तो थेट आमच्याकडेच येणार होता. #हस्तकला उघडला तर कागदी फुलं, रांगोळ्या, क्रोशाचे रुमाल. सगळं सुंदर, पण आमचं घर ते नव्हे. चौथा #कोल्हापूरखरेदी. अंबाबाईच्या दर्शनाला येणारी माणसं निघण्याआधी घरी बसून काय घ्यायचं ते बघतात, आणि मंदिरापासून चपलांच्या दुकानांची चप्पल लाइन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाचवा आमच्या दुकानाच्या नावाचा.

टॅग एकटे सोडायचे नाहीत, हे त्यातलं खरं मर्म. त्याच रीलखाली पहिली ओळ मी साध्या वाक्यात लिहिली: "नवरदेवाची कापशी चप्पल, हाताने विणलेल्या वेणीची." व्हिडिओच्या पहिल्या तीन सेकंदांत मी तोंडानेही म्हटलं, "ही कापशी." पडद्यावर तेच अक्षरात आलं. ठिकाण म्हणून कोल्हापूर लावलं. टॅग, ओळ, आवाज आणि चित्र हे चारही एकच गोष्ट सांगायला लागले की व्हिडिओ कुणासमोर न्यायचा याबद्दल शंका उरत नाही. टॅग कापशी म्हणतो आणि ओळीत नुसतं 'शुभ सकाळ मित्रांनो', असं असेल तर टॅगचं बळ निम्मं होतं.

त्या रीलला माझ्या जुन्या काही रीलपेक्षा कमी लोकांनी पाहिलं. पण पंधरा दिवसांत अकरा जणांनी माप विचारलं, त्यातल्या चौघांनी 'नवरदेवासाठी' हाच शब्द लिहिला. आबांनी वहीतलं ते पान दोनदा वाचलं आणि काही न बोलता पुढची पट्टी काढायला घेतली. मला तेवढं पुरलं.

आता लिपीचा प्रश्न, जो मराठीत व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. टॅग देवनागरीत की इंग्रजी अक्षरांत? माझ्या वहीत म्हणूनच दोन रकाने आहेत, एक बोललेल्या शब्दांचा आणि एक टाइप करून आलेल्यांचा. चाळिशीच्या पुढची माणसं बरेचदा बोलून शोधतात आणि फोन ते देवनागरीत उमटवतो. पुण्यातली नोकरदार मुलं, दुबईतले, न्यू जर्सीतले आपले लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाकतात. आणि तिथे एका शब्दाची चार रूपं होतात. चप्पलमध्ये कुणी 'पी' एकदा घालतं, कुणी दोनदा. कोल्हापुरीच्या शेवटी कुणी एक 'आय' देतं, कुणी दोन 'ई'. सगळी रूपं देत बसू नका. शोधाच्या चौकटीत पहिली चार अक्षरं टाका आणि अ‍ॅप स्वतः वर कोणतं रूप सुचवतं ते बघा. बहुतेक लोक तेच वापरतात. पाचांतला एक टॅग मी त्या रूपात देते, बाकी देवनागरीत. वेणीच्या रीलला दोन आठवड्यांनंतर #कोल्हापूरखरेदी काढून तिथे इंग्रजी अक्षरांतली कोल्हापुरी चप्पल बसवली.

देवनागरीचा एक फायदा पटकन लक्षात येत नाही. 'चप्पल' हा शब्द हिंदीतही तसाच लिहितात. त्यामुळे #कोल्हापुरीचप्पल इंदूरला, जयपूरलाही पोचतो आणि तिथून विचारणा येते. 'पायताण' मात्र आपला. #पायताण देऊन केलेल्या रीलवर बघणारे थोडे, पण खाली आलेली माणसं आजोबांच्या आठवणी लिहितात आणि कितीतरी जण दुकानाचा पत्ता विचारतात. कोणता शब्द वापरायचा हे तुम्हाला कोण हवंय त्यावर ठरतं. परगावी कुरिअरने पाठवायची तयारी असेल तर पहिला, समोर येणारं गिऱ्हाईक हवं असेल तर दुसरा.

आणि आता ती अडचण, जिच्यापायी माझा एक आठवडा गेला. मी #खऱ्याचामड्याची असा टॅग दिला. टाकल्यावर बघते तर फक्त पहिली दोन अक्षरं निळी, पुढचं सगळं काळं. पुसून परत लिहिलं, तेच. शेवटी चुलतभावाच्या फोनवरून तोच शब्द लिहिला तर पूर्ण निळा झाला. कारण असं की आपला अर्ध्या र-चा 'ऱ्य' दोन रीतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात, काही साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण आतून वेगळे. त्या न दिसणाऱ्या चिन्हापाशी माझा टॅग तुटत होता. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेल्या सगळ्या शब्दांना हा धोका आहे: शेतकऱ्यांसाठी, पायऱ्या, कुऱ्हाड. उपाय सोपा. टाकल्यानंतर प्रत्येक टॅग बोटाने दाबून बघा. पूर्ण निळा आहे का, आणि त्याच शब्दाचे बाकीचे व्हिडिओ उघडतात का? नसेल तर कीबोर्ड बदला, किंवा शब्दच बदला. मी #अस्सलचामडे केला आणि पुढे गेले. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. 'कोल्हापुरी' आणि 'कोल्हापूरी' दोन्ही लिहिणारे लोक आहेत. मी शुद्ध रूपच देते. आपल्याच गावाचं नाव चुकीचं लिहायला हात धजत नाही.

यूट्यूब शॉर्ट्सचे नियम थोडे वेगळे आहेत. तिथे टॅग शीर्षकात किंवा वर्णनात देता येतात, आणि वर्णनातले पहिले तीन शीर्षकाजवळ दिसतात. म्हणून महत्त्वाचे तीन आधी. साठपेक्षा जास्त टॅग दिले तर यूट्यूब त्या व्हिडिओचे सगळेच टॅग बाजूला टाकतं. #शॉर्ट्स लिहिलंच पाहिजे असं काही नाही. उभा किंवा चौकोनी व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत असेल तर तो आपोआप शॉर्ट्समध्ये धरला जातो. ती जागा कामाच्या शब्दाला द्या. व्हिडिओशी संबंध नसलेला टॅग देणं तिथल्या नियमात बसत नाही, त्यापायी व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.

इन्स्टाग्रामवर टॅग पहिल्या कमेंटमध्ये लपवण्याची एक पद्धत आहे. ती सोडा, टॅग मजकुरातच असावेत. शोधात यायचं असेल तर तसंच करा असं इन्स्टाग्रामनेही सांगितलंय. अकाउंट खाजगी ठेवलं असेल तर टॅगच्या पानावर तुमचा व्हिडिओ दिसत नाही, हेही तपासा. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी चार महिने मसाल्यांच्या रील खाजगी अकाउंटवर टाकल्या होत्या.

जून २०२५ मधले दिवस मी विसरणार नाही. मिलानमधल्या प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आठवडाभर सगळीकडे तोच विषय होता. पुढे कंपनीने त्यामागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचं मान्य केलं. मी त्याच आठवड्यात चपलेला तेल कसं लावायचं याची रील केली होती. तिच्याखाली त्या ब्रँडचा टॅग लावला. बघणारे धो धो आले. खाली भांडणं सुरू झाली, तेलाबद्दल एकानेही विचारलं नाही, आणि चपलेची निगा शोधणाऱ्या माणसापर्यंत ती रील पोचलीच नाही. दोन दिवसांनी मी तो टॅग काढला आणि त्या विषयावर सरळ दुसरी रील केली. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट असे आठ जिल्हे आहेत, हे आबांच्या हातातला जोड दाखवत सांगितलं. तिथे चालू विषयाचा टॅग शोभला, कारण रील त्याच विषयावर होती. चालू टॅग वापरायला माझी हरकत नाही. फक्त टॅग बघून आलेल्या माणसाला त्याने शोधलेलं मिळालं पाहिजे.

याच कारणाने मी एका गोष्टीवर अडून बसते. रेक्झिनच्या जोडाखाली चामड्याचा टॅग द्यायचा नाही. मशिनवर शिवलेल्याला हाताने शिवलेली म्हणायचं नाही. जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसेल तर तो टॅग आपल्या मालाला चिकटवायचा नाही. आबांची बोटं आरीने टोचून टोचून कडक झालीत. खोटा टॅग टाकणारा त्या बोटांची मजुरी खातो.

दुकानाच्या नावाचा टॅग वाया जातो असं काहींना वाटतं, कारण तो कुणी शोधत नाही. पण आम्ही खोक्यात एक चिठ्ठी ठेवतो: फोटो टाकलात तर हा टॅग द्या. आता त्या टॅगवर लोकांचे पाय आहेत. सोलापूरच्या वरातीतले, शिवजयंतीच्या मिरवणुकीतले, बाळाच्या बारशातले. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "चालताना कशी दिसते?" मी तो टॅग पाठवते.

टॅग चालतोय की नाही हे एकूण आकड्यावरून ओळखू नका. इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या पानावर, बघा की बघणाऱ्यांत फॉलो न करणारे किती आहेत आणि किती जणांनी रील जपून ठेवली. यूट्यूबवर लोक कोणते शब्द शोधून आपल्या व्हिडिओवर आले ते थेट दिसतं. ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. दर दोन आठवड्यांनी मी पाचांतला एकच टॅग बदलते. सगळे एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. जुन्या चांगल्या रीलचे टॅगही दुरुस्त करता येतात. नगरच्या बाई गेल्यावर मी सगळ्या कापशीच्या रीलखाली तो शब्द घातला, दोन संध्याकाळींचं काम होतं.

या आठवड्यात वहीत एकच प्रश्न चार वेळा आलाय: "चप्पल भिजली, आता काय करू?" एकाने 'बुरशी' लिहिलंय, दोघांनी 'पावसाळा'. उद्या सकाळी उजेड चांगला असताना आबा भिजलेला जोड कोरड्या फडक्याने पुसून सावलीत ठेवतील, मग सुकलेल्या दुसऱ्या जोडाला बोटाने एरंडेल लावून दाखवतील. पस्तीस सेकंद. पहिली ओळ, "पावसात भिजलेली कोल्हापुरी चप्पल उन्हात ठेवू नका." टॅग लिहून ठेवलेत: #कोल्हापुरीचप्पल #चपलेचीनिगा #चामड्यालाबुरशी #पावसाळा२०२६ आणि दुकानाचा. चौथा सकाळी उघडून बघितल्यावर बहुतेक काढीन.